मिरची वाजली का?

सदर : घरातली प्रयोगशाळा



काय, सुट्टी कशी चालली आहे? आंबे, करवंदं, जांभळं खाऊन जीभ रंगली असेल. आज मात्र मी तुम्हाला गोड काही देणार नाही. आज आहे तिखटजाळ प्रयोग! नाकाला रुमाल बांधा आणि चला माझ्याबरोबर दहिवलीला.

दहिवली म्हणजे कर्जतला लागूनच असलेली, रायगड जिल्ह्यातली. हे माझं माहेर. घाटाचा पायथा, भाताची खाचरं, आणि पाऊस? एकदा जूनमध्ये लागला की घरातल्या मिठालाही पाणी सुटतं. म्हणून इथे सगळी कामं पावसाच्या आत उरकायची घाई असते. लाकडं भरून ठेवा, पापड वाळवा, कौलं शाकारा आणि वर्षाचा मसाला करा. एप्रिल-मे महिन्यात ज्या अंगणात बघाल तिथे लालभडक मिरच्या पसरलेल्या! आगरी असो, कोळी असो, नाही तर घाटावरून येऊन इथे राहिलेलं घर असो, प्रत्येकाचा मसाला वेगळा आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, ‘आमच्यासारखा कुणाचा नाही!’

पण आधी मी माझी फजिती सांगते. सांगायला लाज वाटते, पण प्रयोगात चुका लपवायच्या नसतात.

मागच्या वर्षी आमच्या घरचा मसाला मी केला. नेहमी आई करते, म्हणजे माझ्या भाच्याची आजी. पण त्या वेळी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. धूळ नको, धूर नको, तिखट तर नकोच नको. मी म्हटलं, “आई, तू बस. मी आणि वहिनी करतो. त्यात काय एवढं?” मिरच्या दोन दिवस वाळवल्या. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, वळवाच्या चार सरी पडल्या. मला परत जायची घाई. मिरच्या घरात ओढल्या, हाताला कोरड्या लागल्या, म्हटलं झालं! कांडून आणल्या, बरणी भरली आणि मी गाडीत बसले.

गणपतीच्या आधी वहिनीचा फोन आला. बरणी उघडली तर वर पांढरट-हिरवी बुरशी आणि कुबट वास. साडेचार किलो मसाला! वहिनी म्हणाली, “वरचा थर काढून खालचा वापरू का?” मी नको म्हटलं, आणि ते मात्र बरोबर होतं. मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला घातक असतं, डोळ्यांना दिसत नाही आणि आपल्या नेहमीच्या शिजवण्यानं पुरतं जातही नाही. सगळा मसाला खड्ड्यात गेला. वर्षभर घरात दुकानातली पाकिटं आली. भाऊ जेवताना काही बोलायचा नाही, पण कालवणाची वाटी अर्धीच रिकामी व्हायची.

आई मला रागावली नाही. तिनं फक्त एकच विचारलं, “मिरची वाजली होती का गं?”

वाजली? मिरची काय घुंगरू आहे?

या वर्षी मे महिन्यात मी दहिवलीला गेले ती हे कोडं सोडवायलाच. माझा भाचा सातवीत आहे. त्याला वजन-मापांचं फार वेड. वहिनीचा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा त्यानं ताब्यात घेतलेला. मी म्हटलं, “आपण आजीचा मसाला वहीत उतरवून घेऊ या. ग्रॅम न् ग्रॅम!”

आईला विचारलं, “आई, तू हे प्रमाण आजवर कुणाला सांगितलं का नाहीस?”

ती म्हणाली, “मला कुणी विचारलंच नाही.”

खरंच की! चाळीस वर्षं आम्ही नुसता खाल्ला.

तर पहिलं काम खरेदी. मसाल्यासाठी मुंबईचं लालबाग प्रसिद्ध आहे. तिथे मिरच्यांची पोतीच्या पोती मांडलेली असतात. मी आणि भाचा तिथून पिशव्या भरून घेतल्या आणि दादरला कर्जत लोकल पकडली. कल्याण येईपर्यंत आमच्या डब्यात निम्मे लोक शिंकत होते! एक आजोबा म्हणाले, “बेडगी का?” मिरची वासावरून ओळखणारी माणसं अजून आहेत, बरं का!

मिरच्या आम्ही तीन जातींच्या घेतल्या. बेडगी ही सुरकुतलेली, लांबट मिरची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची. रंग गडद, तिखटपणा बेताचा. काश्मिरी मिरचीचाही रंग सुरेख आणि तिखटपणा कमीच. आणि तिसरी आंध्रातल्या गुंटूरकडची पांडी. ही खरी झणझणीत. आई म्हणते, “बेडगीनं रंग, पांडीनं ठसका. एकटी कुणीच पुरी पडत नाही.”

घरी आल्यावर देठं काढायची. इथे भाच्यानं पहिला धडा शिकला. तासाभरानं त्याची बोटं चुरचुरायला लागली. तो धावत जाऊन पाण्यानं हात धुऊन आला. काही फरक नाही! आजी हसली आणि तिनं त्याच्या हाताला खोबरेल चोळलं, मग साबण लावायला सांगितला. लगेच आराम पडला.

असं का? मिरचीतल्या तिखट पदार्थाचं नाव कॅप्सेसिन. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी तेल, मग साबण. आणि म्हणूनच तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नसतो, दूध किंवा दही घ्यावं. आणखी एक गंमत. तिखटपणा बियांत असतो असं आपण समजतो. पण तो खरा असतो बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढरट शिरेत. बियांना तो तिथूनच लागतो.

आणि तिखट ही चव नाही, हे ठाऊक आहे का? आपल्या जिभेवर, कातडीवर उष्णता ओळखणारे छोटे पहारेकरी असतात. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ते मेंदूला ‘भाजतंय!’ अशी वर्दी देतात. कॅप्सेसिन याच पहारेकऱ्याला फसवतं. काहीच गरम नसतं, तरी तो ओरडतो. हा पहारेकरी शोधून काढणारे अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी शोधाला वापरलं काय होतं? मिरचीतलं कॅप्सेसिनच! पक्ष्यांचा पहारेकरी मात्र या फसवणुकीला बळी पडत नाही. म्हणून पोपट मिरची मजेत खातो.

आता वाळवण. अंगणात जुनी चादर पसरली, वर मिरच्या. भाच्यानं युक्ती केली. एका ताटात बरोबर ५०० ग्रॅम मिरच्या वेगळ्या ठेवल्या आणि ते ताट त्याच उन्हात ठेवलं. रोज संध्याकाळी त्या मिरच्यांचं वजन करायचं आणि वहीत लिहायचं.

पहिला दिवस, ४७० ग्रॅम. दुसरा दिवस, ४५५.

मी दुसऱ्या दिवशी मिरची हातात घेतली. अगदी कोरडी! मागच्या वर्षी मी इथेच थांबले होते. आईनं एक मिरची उचलली, कानाशी नेली आणि हलवली. “नाही वाजत,” म्हणाली. मी ऐकलं. खरंच, आवाज नव्हता. मोडून पाहिली तर वाकली, तुटली नाही.

तिसरा दिवस, ४५० ग्रॅम. आईनं पुन्हा मिरची कानाशी धरली. आत बिया खुळखुळल्या, बाळाच्या खुळखुळ्यासारख्या! मोडली तर कट्‌कन तुटली.

“वाजली!” भाचा ओरडला. पण तो हुशार. म्हणाला, “आत्या, अजून एक दिवस पाहू.” चौथ्या दिवशीही वजन ४५०. म्हणजे उडून जाण्याजोगं पाणी उडून गेलं होतं, आता आणखी जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रयोगशाळेतही असंच करतात. वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायचं. आजीचा कान आणि नातवाचा काटा यांचं उत्तर एकच आलं!

पाहिलंत? माझी चूक त्या शेवटच्या काही ग्रॅमची होती. तेवढं पाणी बुरशीला पुरेसं झालं.

आता आली खरी परीक्षा. आईचं प्रमाण मुठीत. “एक किलो मिरचीला धणे नऊ मुठी,” ती म्हणाली. कुणाची मूठ? भाच्यानं सगळ्यांना रांगेत बसवलं. आजीनं धण्याची मूठ काट्यावर टाकली, २८ ग्रॅम. पुन्हा टाकली, २७. पुन्हा, २८. डोळे मिटून टाकली, तरी २८! आजीचा हात म्हणजे काटाच! वहिनीची मूठ भरली २४ ग्रॅम आणि भाच्याची १७.

हिशेब करा बघू. आजीच्या नऊ मुठी म्हणजे २५२ ग्रॅम, जवळजवळ बरोबर पाव किलो. वहिनीच्या नऊ मुठी म्हणजे २१६ आणि भाच्याच्या फक्त १५३. म्हणजे ‘नऊ मुठी’ एवढंच पाठ करून भाचा मोठा झाला असता, तर त्याचा मसाला आजीचा झालाच नसता! आणि बिचारा जन्मभर म्हणत बसला असता, आजीच्या हाताची चव काही येत नाही. हाताची चव म्हणतात ती काही जादू नसते. त्यात बरंचसं माप असतं, फक्त ते कुणी मोजून ठेवलेलं नसतं.

दिवसभर हेच चाललं. चिमूट, बोटाचं पेर, ओंजळ, सगळं काट्यावर चढलं. आईला आधी हसू आलं, मग ती रंगली. “दालचिनी लिही. दगडफूल विसरू नको. ते काळं, हलकं, कागदासारखं दिसतं ना, ते झाडाच्या सालीवर नाही तर खडकावर वाढतं. वासाला ते हवंच.”

भाजणं मात्र मोठ्यांचं काम. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर. का? खसखस अर्ध्या मिनिटात करपते, धण्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. सगळं एकदम टाकलं तर एक कच्चं राहील, दुसरं जळेल. भाजताना खमंग वास सुटला की उतरवायचं. तो वास म्हणजे मसाल्यातली सुगंधी तेलं. कढईतून सगळी उडून गेली तर बरणीत काय राहणार?

मग मसाला कांडायला नेला. कांडप यंत्रावर लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर जातात आणि दणादण खलात पडतात. कांडणाऱ्या बाईंनी डोक्या-तोंडाभोवती फडकं गुंडाळलेलं. चाळायचं, उरलेली भरड पुन्हा खलात टाकायची. घरी आणला तेव्हा मसाला कोमट होता. वहिनी बरणी घेऊन आली तर आईनं हात धरला. “थांब. रात्रभर पसरून ठेव.” बरोबरच आहे! कोमट मसाला बरणीत कोंडला तर आतली वाफ झाकणाखाली गार होऊन तिचं पाणी होतं. पुन्हा बुरशीला आमंत्रण!

दुसऱ्या दिवशी चिनी मातीच्या कोरड्या ठणठणीत बरणीत मसाला दाबून भरला, वर हिंगाचे खडे ठेवले, तोंडाला दादरा बांधला आणि बरणी अंधाऱ्या फडताळात ठेवली. उजेडात मिरचीचा लाल रंग विटतो. हा रंगही तेलातच विरघळतो. म्हणून तर कालवणावर लाल तवंग येतो, आणि म्हणूनच मसाला आधी तेलात परततात.

रात्री भाच्यानं विचारलं, “आत्या, असा मसाला जगात दुसरीकडे कुठे करतात का?” करतात ना! अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियाना नावाचं राज्य आहे. उकाडा, पाऊस, भातशेती, मासे आणि कोळंबी, म्हणजे थोडं आपल्यासारखंच. तिथे ‘केजन’ आणि ‘क्रिओल’ नावाचे मसाले घरोघर असतात. केजन हा शब्द ‘अकेडियन’ या शब्दापासून आला. आज कॅनडात असलेल्या अकेडिया भागात हे फ्रेंच बोलणारे लोक राहायचे. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावून लावलं. भटकत भटकत त्यांतले बरेच जण लुइझियानात आले. क्रिओल स्वयंपाक न्यू ऑर्लिन्स शहरात फ्रेंच, स्पॅनिश आणि आफ्रिकी लोकांच्या चवी एकत्र येऊन घडला. या मसाल्यांत लाल मिरची, काळी मिरी, वाळवलेल्या लसणाची आणि कांद्याची पूड, ओव्याच्या जवळ जाणाऱ्या वासाचा वाळलेला पाला आणि बहुतेकदा मीठही असतं. आपण लसूण वाटणात ओला घालतो, ते वाळवून मसाल्यातच घालतात.

आणि आता सगळ्यात मोठी गंमत! मिरची मुळात आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर ती जगभर पसरली. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. म्हणजे तेराव्या शतकात, ज्ञानेश्वरांच्या काळी, महाराष्ट्रात लाल मिरचीचा कणही नव्हता! तेव्हा तिखटपणा यायचा तो मिरीनं, आल्यानं, पिंपळीनं. आणि लुइझियानाच्या मसाल्यातली काळी मिरी? ती आपल्या मलबारची! त्यांची मिरची आपल्याकडे आली, आपली मिरी त्यांच्याकडे गेली. फिट्टंफाट!

हे ऐकून आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे कुणीतरी पहिल्यांदा तिला वाळवून पाहिलंच असेल. त्यांचीही खराब झाली असेल एकदा.” माझ्याकडे बघून हसली. मला बरं वाटलं.

तर मंडळी, आता तुमची पाळी. वर्षाचा मसाला नको, पाव किलो मिरचीचा छोटा प्रयोग करा. आईला, बाबांना किंवा आजीला बरोबर घ्या.

साहित्य : बेडगी मिरची १२५ ग्रॅम, काश्मिरी ७५ ग्रॅम, पांडी ५० ग्रॅम. धणे ६० ग्रॅम, जिरे १५ ग्रॅम, बडीशेप १५ ग्रॅम, खसखस १० ग्रॅम. काळी मिरी, लवंग, दालचिनी प्रत्येकी ५ ग्रॅम. मसाला वेलची २, चक्रीफूल २, तमालपत्राची ४ पानं, जायपत्रीचा छोटा तुकडा, दगडफूल मोठी चिमूट. हळद पूड २० ग्रॅम, हिंग पूड अर्धा चमचा.

कृती : मिरच्यांचे देठ काढून त्या वाजेपर्यंत कडक उन्हात वाळवा. बाकीचे जिन्नस मोठ्यांनी मंद आचेवर वेगवेगळे भाजावेत आणि पूर्ण गार होऊ द्यावेत. मग सगळं मिक्सरमध्ये थोडं थोडं बारीक करा. मिक्सर मधून मधून थांबवा, तो तापला तर वास उडतो. झाकण लगेच उघडू नका, पूड खाली बसू द्या. चाळा, हळद-हिंग मिसळा, पसरून गार करा आणि कोरड्या बरणीत भरा.

सांभाळा : डोळ्यांना हात लावायचा नाही! खिडक्या उघड्या ठेवा. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना भाजताना आणि दळताना दूर बसवा. बरणीत ओला चमचा घालायचा नाही. बुरशी दिसली तर वरवर खरवडून वापरायचं नाही, सगळं टाकून द्यायचं.

जाता जाता एक तपासणी : काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि त्यावर बाजारातलं थोडं तिखट भुरभुरा. पाण्यात लगेच रंगाच्या रेघा उतरू लागल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग मिसळला असण्याची शक्यता असते. का ते तुम्हीच सांगा! मिरचीचा रंग कशात विरघळतो, ते वर आलंच आहे.

आणि एक काम प्रयोगाइतकंच महत्त्वाचं. तुमच्या घरी आजी, आई, काकू, आजोबा, कुणी ना कुणी एखादा पदार्थ अंदाजानं करत असेल. मसाला असेल, लोणचं असेल, लाडू असतील. त्यांच्याजवळ वही आणि काटा घेऊन बसा. त्यांची मूठ तोला. त्या नसतील तेव्हा तोलता येणार नाही.

दहिवलीहून निघायच्या आदल्या रात्री भाच्यानं सगळी वही आजीला वाचून दाखवली. तीन पानं भरली होती. आजीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “सगळं बरोबर. पण सगळ्यात वर एक ओळ लिही.”

“काय लिहू?”

“मिरची वाजली का?”

त्यानं लाल पेनानं लिहिलं.

तुमच्या घरची मूठ किती ग्रॅमची भरली, ते मला पत्रानं जरूर कळवा. पत्रावर मसाला सांडू नका म्हणजे झालं! पुढच्या आठवड्यात भेटूच, नव्या प्रयोगासह.

तुमची,
प्रयोगवाली ताई